चोर सापडला की आपण काय करतो? अनुभव सांगा

तापीकाठ
परवा शेजारच्या गावात केबल चोरणारा पोरगा वावरात सापडला. व्हिडिओ ग्रुपवर आला आणि खाली सगळ्यांचं एकच, "आधी हातपाय मोडा, मग पोलिसांना द्या." मला आमच्या चावडीजवळचा निंब आठवला. कणसं चोरली म्हणून एकाला तिथे बांधलं होतं. ज्यांना वीतभर वावर नाही, तेही जाता-येता एक ठेवून देत होते. शेवटी आजोबा म्हणाले, "सोडा रे आते, त्याना घरबी पोरंसोरं शेतस." पोलिसांना बोलवावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. चोरी, मारझोड, ठाणं, साक्ष, तुम्ही काय पाहिलंय ते लिहा.

केळीवाला
ऐन एप्रिलात मोटारीची केबल जाऊ द्या, मग बोला भो. बाग डोळ्यांदेखत वाळते. ठाण्यात म्हणे तक्रारी अर्ज देऊन जा. म्हणजे फायलीत पडला.

सौ. कळण्याची भाकरी
आमची तर ठिबकची नळीच नेली. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

धुळेकर वकीलबाई
@केळीवाला दादा, दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर घ्यावीच लागते, सुप्रीम कोर्टाचा 2013 चा निकाल आहे. नाही घेतली तर एसपींना पोस्टाने लेखी पाठवा. पण 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आलाय. 5000 रुपयांच्या आतली चोरी आता अदखलपात्र, कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून केबलचं बिल जपून ठेवा, किंमत नीट लिहा. आणि एवढ्या रकमेच्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल परत केला तर शिक्षा समाजसेवेची.

केळीवाला
समाजसेवा? मग माझ्याकडे पाठवा, केळीची पिलं कापायची राहिलीत 😄 बिल शोधतो ताई.

साक्रीकर
हसू नका राव. आमच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा विसरलात का? 1 जुलै 2018, रविवार, आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले पाच डवरी गोसावी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आधीपासून फोनाफोनांत होते. ग्रामपंचायतीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. ना चोरी, ना पोर पळवलं. तोच मेसेज आमच्या दुकानात गिऱ्हाईक मोठ्याने वाचून दाखवायचं आणि सगळे माना डोलवायचे. "हातपाय मोडा" वाचलं की मला तेच आठवतं.

पाल_वस्ती
कुठेही घरफोडी झाली की पहिली गाडी आमच्या वस्तीवर. आम्हा भटक्या-विमुक्तांना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा 1871 चा कायदा 1952 ला गेला म्हणतात. आमच्या हवालदाराला कोणी कळवलेलं दिसत नाही.

धुळेकर वकीलबाई
@पाल_वस्ती 🙏 व्यक्तिगत निरोप पाठवते.

अमळनेरचा आप्पा
आमच्या वडिलांनी एका मारामारीत साक्ष दिली होती. तारखेला एसटीने जायचं, दिवसभर बाकावर बसायचं, मग पुकारा, "साहेब रजेवर." आरोपीही त्याच बाकावर. पुढे पुढे तोच वडिलांना चहा पाजायचा. केस सुटली, दोघांची दोस्ती राहिली. चौकात फाशी द्या म्हणणाऱ्याला पंच म्हणून सही करायला बोलवा, तो हमखास बाहेरगावी असतो.

चोपड्याची लेक
आणि मोठ्यांचं काय हो? जळगावच्या घरकुल घोटाळ्याचा गुन्हा 2006 ला दाखल झाला, धुळ्याच्या कोर्टात निकाल ऑगस्ट 2019 ला. माजी मंत्र्यांसह 48 जण दोषी. तेरा वर्षं! त्यांना निंबाला बांधा म्हणणारा एक माणूस मी बघितला नाही.

अमळनेरचा आप्पा
त्यांच्याकडे नमस्कार करायला रांग असते ताई.

सौ. कळण्याची भाकरी
आले. नळी नेणारा भाऊबंदकीतलाच निघाला, म्हणून सासऱ्यांनी गप्प बसायला सांगितलं. परका असता तर? तुम्हीच समजा. ते जाऊ द्या, वावरात लावायला सोलरवाला कॅमेरा कोणी घेतलाय का?

केळीवाला
मी घेतलता. चोरीला गेला.