पिकअपच्या डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल: पुस्तकात लिहिलंय तेव्हा, की दर पावसाळ्यानंतर?

पाणंदवाट (धागाकर्ता)

आमची शेती पाटण तालुक्यात. 4x4 डबल कॅब पिकअप आहे. पावसाळ्यात खताच्या गोण्या भरून ओढ्यातून जावं लागतं, दुसरा रस्ताच नाही. गेल्या सर्व्हिसला मी दोन्ही डिफरन्शियल (एक्सलवरचे गोळे, ताकद डाव्या-उजव्या चाकांना वाटणारे) आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला देणारी पेटी) यांचं तेल बदलायला सांगितलं. काउंटरवरून उत्तर आलं, "साहेब, गरज नाही, पुस्तकात अजून लांब आहे." त्याच पुस्तकात खडतर वापराचा वेगळा तक्ता आहे. चिखल, पाणी, ओझं, ट्रेलर ओढणं, सगळं त्यात येतं आणि तिथली मुदत निम्मी आहे. तो तक्ता कुणी उघडतच नाही.

माझं मत असं की पाण्यातून जाणाऱ्या गाडीचं हे तेल दर 20,000 किलोमीटरला बदलावं आणि तेवढे किलोमीटर झाले नसले तरी पावसाळा संपला की बदलावंच.

इंजिनाला निदान फिल्टर असतो. डिफरन्शियलला काहीच नाही. क्राऊन (आतला मोठा गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) यांच्या दातांची जी झीज होते ती त्याच दोन-अडीच लिटर तेलात फिरत राहते. पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत जातात. मध्ये तेलाचा थर टिकला नाही तर धातूवर धातू.

आणि मुख्य मुद्दा पाण्याचा. घाट चढून तापलेलं हाउसिंग (डिफरन्शियलचं कवच) थंड ओढ्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. ब्रीदर (हाउसिंगची हवा आत-बाहेर करणारं छोटं तोंड) पाण्याखाली असेल तर तिथून पाणी येतं, चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलच्या कडेने येतं. बाहेरून काही कळत नाही. कळतं तेव्हा बेअरिंग गुंईगुंई करायला लागलेलं असतं.

हायवे_पिकअप

दादा, तुमच्या ओढ्यापुरतं मान्य. पण धागा वाचून प्रत्येक पिकअपवाला दर 20,000 ला तेल सोडत बसेल, त्याला माझा विरोध आहे.

आमच्या गाड्या नाशिकहून वाशीला भाजी नेतात. सगळा डांबरी रस्ता. या तेलात डिझेल जळत नाही, काजळी येत नाही, इंजिनाइतकी उष्णता नाही. ते काळं पडायचं कारणच कमी. पुस्तकात 40,000 दिलंय तर 40,000 ला बदलतो आणि गाड्या व्यवस्थित चालतात. धंद्याच्या गाडीला तेलाबरोबर मजुरी आणि उभ्या गाडीचा एक दिवस, हाही खर्च लागतो.

दुसरं, विनाकारण उघडण्यातही धोका आहे. वॉशर जुनाच लावला की गळती. अॅल्युमिनियमच्या केसला बोल्ट जोर लावून आवळला की आटे गेले. आणि ड्रममधलं सुटं तेल कुठल्या प्रतीचं आहे, कोण सांगणार?

जुना_फिटर

दोघांचंही वाचलं. मोठी चूक कुठे होते ते सांगतो. गावाकडच्या गॅरेजला "गिअर ऑइल टाका" म्हटलं की एकच 90 नंबर सगळीकडे जातं.

मागच्या हायपॉइड (पिनियन मध्याच्या खाली असलेल्या) डिफरन्शियलला जीएल-5 प्रतीचं गिअर ऑइल लागतं, जाडी बहुधा 80डब्ल्यू-90. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं दातांवर संरक्षक थर धरतात. काही जीएल-5 तेलांतली हीच रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगला (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) मानवत नाहीत, म्हणून कित्येक मॅन्युअल गिअरबॉक्सना जीएल-4 सांगितलेलं असतं. ट्रान्सफर केस आणखी वेगळी. जिप्सीसारख्या गाडीत ती गिअरवर चालते, तिथे गिअर ऑइल चालतं. साखळीवाली असेल तर बऱ्याचदा एटीएफसारखं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) पातळ तेल लागतं. तिथे 90 टाकलं तर आतला छोटा पंप ते नीट ओढत नाही आणि थंडीत 4एच (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) पडायला त्रास होतो. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसतं गरगरू न देणारं) असेल तर त्याच्या क्लच प्लेटसाठी वेगळं अॅडिटिव्ह असलेलं तेल लागतं, नाहीतर वळणावर मागून थरथर येते.

चुकीचं तेल वेळेवर बदलण्यापेक्षा बरोबर तेल थोडं उशिरा बदललेलं परवडलं.

डोंगरी

माझा साधा प्रश्न. मी 4x4 वर्षातून एखाद्या वेळी लावतो. ट्रान्सफर केस आणि पुढचं डिफरन्शियल मग नुसतंच बसून असतं ना? त्यांचं तेल का बदलायचं?

जुना_फिटर

डोंगरी भाऊ, हा गैरसमज फार पसरलाय. ट्रान्सफर केस 2एच मध्येही (फक्त मागच्या चाकांना ताकद असताना) बसून नसते. गिअरबॉक्सची ताकद तिच्यातूनच मागच्या प्रॉपेलर शाफ्टला (एक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) जाते, म्हणजे तुम्ही जितके किलोमीटर चालवलेत तितके तिचे बेअरिंगही चालले. तिचं तेल मागच्या डिफरन्शियलबरोबरच बदला.

पुढच्याचं थोडं वेगळं. पुढचा एक्सल एका बाजूने सुटणारी गाडी असेल तर 2एच मध्ये क्राऊन जवळजवळ थांबलेला असतो, स्पायडर गिअर (डिफरन्शियलमधले छोटे गिअर) तेवढे फिरतात. तिथे झीज कमी. पण पाण्यात बुडतो तो पुढचा एक्सल आधी.

आणि पक्क्या कोरड्या रस्त्यावर 4एच लावून वळणं घेऊ नका. पार्ट-टाइम (गरजेपुरतं लावायच्या) 4x4 मध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतं, सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. कितीही चांगलं तेल टाका, तो ताण कमी होत नाही.

हायवे_पिकअप

म्हणूनच मी म्हणतो, आधी तपासा, मग बदला. सपाट जागेवर गाडी उभी करून वरचा फिलर बोल्ट काढायचा, बोट आत घालायचं. तेल भोकाच्या खालच्या कडेला लागलं, रंग मधासारखा आहे, जळका वास नाही, तर बोल्ट परत लावा. चहासारखं दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला, किलोमीटर बघू नका. यात पैसाही वाचतो आणि गाडीही.

पाणंदवाट

बोट घालून वरचं तेल कळतं. पाणी जड, ते तळाला बसतं. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी हलवायच्या आधी खालचा ड्रेन बोल्ट दोन-तीन आटे सैल करा. पाणी असेल तर तेलाच्या आधी तेच ठिबकतं. मागच्या हिवाळ्यात आमच्या गाडीचं असंच निघालं, आधी गढूळ पाणी आणि मग तेल. वरून बोटाला लागलेलं तेल तोपर्यंत स्वच्छ दिसत होतं. तुमच्या पद्धतीने मी ती गाडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच चालवली असती.

बोल्टच्या चुंबकाकडेही बघा. राखाडी, बोटांत चोळलं तर मऊ लागणारा गाळ चालतो. टोचणारा कण किंवा दाताचा तुकडा आला तर मात्र हाउसिंग उघडावंच लागतं.

घरी करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, आधी वरचा फिलर बोल्ट सैल होतोय का ते बघा आणि मगच खालचा काढा. खालून सगळं तेल सोडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला की गाडी तिथेच अडकते. नवं तेल भोकातून सांडायला लागेपर्यंत भरायचं, निथळू द्यायचं आणि वॉशर दर वेळी नवा.

कोयनाकाठ

घरी करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती. काढलेलं तेल बांधावर, ओढ्याजवळ ओतू नका. वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना चोपडतात, तेही पावसात धुऊन पाण्यातच येतं. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. जुन्या कॅनमध्ये भरून ठेवा, ज्या मोठ्या गॅरेजकडून तेल उचललं जातं त्यांना द्या. आपण हेच पाणी पितो.

हायवे_पिकअप

कोयनाकाठ, शंभर टक्के सहमत.

पाणंदवाट, रात्रभर ठेवून ड्रेन सैल करण्याचं पटलं, ओढ्यातल्या गाडीला ते दर पावसाळ्यानंतर करावंच. पण पाणी निघालं नाही तर चांगलं तेल फेकून का द्यायचं, याचं उत्तर अजून आलं नाही. त्यापेक्षा ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर नेऊन बांधा, पाणी आत यायची मुख्य वाटच बंद होते.

पाणंदवाट

नळी जोडली आहे, दोन्ही एक्सलना. पण सीलची कड जुनी होत जाते, ती नळीने थांबत नाही. आणि दोन-अडीच लिटर खनिज तेलाला हजार-बाराशे रुपये जातात. क्राऊन-पिनियनचा सेट, बेअरिंग आणि तो बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) नीट बसवणारा मिस्त्री, याचा हिशोब तुम्हीही धंद्यात केलेला असेल. माझ्या गाडीसाठी मी 20,000 वरच राहणार.

हायवे_पिकअप

राहा. माझ्या डांबरावरच्या गाड्या 40,000 वर राहतील. दिवाळीनंतर तुमचा ड्रेन उघडलात की पहिला थेंब पाण्याचा होता की तेलाचा, ते इथे लिहा.