जामीन राहावे की नाही? मागितलेले शहाणपण मिळाले हे कसे ओळखावे?

फोंड्याची गृहिणी
नमस्कार. माझ्या धाकट्या दिरांना टॅक्सीसाठी बँकेचे कर्ज घ्यायचे असून माझ्या यजमानांनी जामीन राहावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. बायबलमधील याकोबाच्या पत्रात (१:५) सांगितल्याप्रमाणे मी तीन आठवडे देवाजवळ शहाणपण मागत आहे आणि बायबलमधल्याच नीतिसूत्रे या ग्रंथाचे अध्याय ३१ असल्यामुळे तारखेप्रमाणे रोज एक वाचतही आहे. नकार द्यावासा वाटतो. पण हे शहाणपण की निव्वळ कंजुषी, ते उमगत नाही. उत्तर ओळखायचे कसे?

निवृत्त बँक कर्मचारी, मडगाव
या बाबतीत तरी नीतिसूत्रे मोघम नाहीत. जामीन राहण्याविरुद्धचा इशारा सहाव्या, अकराव्या, सतराव्या आणि बाविसाव्या अध्यायांत येतो. फेडायला काही नसले तर अंगाखालचे अंथरूणही जाईल, असे बाविसावा अध्याय बजावतो. कायदाही तितकाच कठोर आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते; बँकेने आधी दिरांकडून वसुली करून पाहावी आणि मगच तुमच्या दाराशी यावे, असे बंधन तिच्यावर नसते. सही करणाऱ्या बहुतेकांना मात्र ती नुसती ओळख पटवल्यासारखी वाटते. शिवाय गोव्यात विवाहपूर्व करार केलेला नसेल तर सर्वसाधारणपणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, त्यामुळे हा प्रश्न एकट्या यजमानांचा नाही. हप्ता किती, आणि पावसाळ्यात पर्यटक रोडावल्यावर तो कुठून भरणार, हे दिरांना अवश्य विचारा.

धर्मशिक्षण देणारी शिक्षिका, म्हापसा
वरील उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे. त्याच ग्रंथाचा तिसरा अध्याय (३:२७) सांगतो की आपल्या हाती असताना कोणाचे हक्काचे भले अडवून ठेवू नये. सव्विसाव्या अध्यायात तर मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको असे म्हटले आहे आणि लगेच पुढच्या वचनात, उत्तर दे. ही दोन वचने चुकून शेजारी पडलेली नाहीत. कोणते कुठे लागू पडते, हे ठरवण्याचे काम वाचकावर सोपवलेले आहे. म्हणून तारखेप्रमाणे अध्याय उघडून त्यात आजची आज्ञा शोधणे (मीही कित्येक वर्षे हेच केले) फारसे उपयोगी पडत नाही. याकोब ज्ञान मागायला सांगतो तेही परीक्षा आणि धीर यांविषयी बोलता बोलता; ते एका रात्रीत हाती पडेल, असे तो म्हणत नाही. वरून येणारे ज्ञान शांतिप्रिय, सौम्य आणि दयेने भरलेले असते, ही त्याचीच कसोटी (३:१७) तुमच्या नकाराला लावून पाहा. जामीन नाकारूनही, बुडाली तरी झेपेल एवढी रक्कम देता येते.

एक साधक, जुने गोवे
संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनेला (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) आपण गर्दी करतो, पण त्यांचे ज्येष्ठ सोबती इग्नेशियस लोयोला यांनी निर्णय घेण्याची जी रीत शिकवली, तिची आठवण क्वचितच काढतो. मन उदास असताना आधीचा निश्चय बदलू नये, हा त्यांचा एक नियम. दुसरी युक्ती अशी, की पूर्वी कधीही न पाहिलेल्या माणसाने हाच प्रश्न आणला आहे अशी कल्पना करावी, त्याला आपण काय सल्ला देऊ ते पाहावे आणि मग तोच स्वतः पाळावा.

फोंड्याची गृहिणी
सर्वांचे आभार. अनोळखी बाईला मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले असते, की सही करू देऊ नका. तीन आठवडे मला अडवून धरले होते ते सासूबाई काय म्हणतील या धास्तीने, आणि तिलाच मी कंजुषीचे नाव देत होते. यजमानांशी बोलणे झाले. सुरुवातीच्या रकमेत थोडी भर घालायची, जामीन राहायचे नाही. भाऊजींना रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर जेवायला बोलावले आहे. नकार जेवणाआधी सांगावा की नंतर?

निवृत्त बँक कर्मचारी, मडगाव
आधी, आणि तोही यजमानांच्या तोंडून.