मदत हवी आहे: विद्यार्थ्यांचा खतप्रकल्प सुट्टीत कसा टिकवायचा?

नमस्कार मंडळी, मी विद्यापीठात शिकवते. आमच्या पोरापोरींनी वसतिगृहाच्या मेसमागे ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलंय. भाजीची देठं, उष्टं अन्न आणि त्यावर दुप्पट-तिप्पट सुका पाला. आमटीचं पाणी निथळून न घेता ओतलं की वास सुटतो आणि लगेच रेक्टरबाईंचा फोन येतो. पण ते जमतंय आता त्यांना.

खरी अडचण मे महिन्याची. परीक्षा संपली की सगळे गावी, शेवटच्या वर्षाचे तर कायमचेच. उन्हात खड्डा कोरडा पडतो, मग कुजण्याचं काम थांबतं. जूनमध्ये नव्या मुलांना पहिल्यापासून शिकवा! माळीमामा पाणी मारतील, पण ढीग उलथायचं काम फुकटात त्यांच्या गळ्यात मारणं मला पटत नाही.

कुणी हे निभावलंय का? एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) वर्षाच्या 120 तासांत हे काम धरता येतं का, आणि नोंद कशी ठेवता? खत विकून आलेले पैसे विद्यापीठाच्या खात्यात न अडकता मुलांच्या हाती कसे राहतील? नॅकच्या (विद्यापीठाच्या मूल्यांकनाच्या) फाईलपुरते फोटो काढायला सगळे हजर असतात, म्हणून प्रत्यक्ष केलेल्यांनीच सांगा. पत्राचा नमुना असेल तर फारच बरं.