मदत हवी आहे: २०२४ च्या पहिल्या फेरीतल्या निवडींचा हिशेब कसा मांडावा?

मंडळी, १२ संघांची ५ बाय ५ रोटिसरी फँटसी बेसबॉल लीग आहे (खऱ्या खेळाडूंचे संघ बनवायचे, बॅटिंग आणि पिचिंगच्या पाच-पाच आकड्यांत संघांचे क्रम लावून गुण द्यायचे), प्रत्येक संघात ५ आउटफिल्डर. २०२४ च्या ड्राफ्टमधल्या (हंगामाआधी आळीपाळीने खेळाडू निवडतात तो) वरच्या निवडी आता तपासतोय. बॉबी विट ज्युनियर (बॅटिंग सरासरी ०.३३२, ३२ होम रन, ३१ स्टोलन बेस म्हणजे धावून चोरलेले बेस) याच्याबद्दल वादच नाही. घोडं अडलंय रोनाल्ड अकुन्यापाशी. बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिला गेलेला हा खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीमुळे ४९ सामन्यांवर थांबला. नुसते त्याचे ४ होम रन आणि १६ स्टोलन बेस मोजले तर निवड पार फसलेली दिसते. पण उरलेले ११३ सामने ती जागा रिकामी नव्हती, वेव्हरवरून (कुठल्याच संघात नसलेल्या खेळाडूंतून) कुणीतरी आलंच असणार. ते आकडे याच निवडीत धरता का? बदली खेळाडू, म्हणजे तुलनेची खालची रेषा, म्हणून मी ६१ वा आउटफिल्डर धरतोय (१२ × ५ = ६० तर संघांतच गेले). बेंचवरचे मोजले तर ही रेषा बरीच खाली जाते.

कॉर्बिन कॅरोलचं कोडं वेगळं: ३५ स्टोलन बेस, पण सरासरी ०.२३१. सरासरीचं नुकसान ॲट-बॅटच्या (सरासरीत धरल्या जाणाऱ्या बॅटिंगच्या संधींच्या) वजनाने काढायचं, हे ठीक. ते गुणतक्त्यातल्या गुणांत कसं बदलता? सूत्र असेल तर उदाहरणासकट द्या.