साइड-चेन पॉलिमरचं ध्रुवण मोनोमरपेक्षा इतकं कमी का येतंय?

तिरकस_थर:
पॉलिसायलॉक्सेनच्या कण्यावर साइड-चेन लावलेली दोन फेरोइलेक्ट्रिक (क्षेत्राने ध्रुवणाची दिशा उलटवता येणारी) द्रवस्फटिक पॉलिमर आहेत. बायफिनाइल बेंझोएटचा गाभा आणि त्याला कण्याशी जोडणारा ११ कार्बनचा स्पेसर दोन्हींत तोच, फरक फक्त शेपटीत. 'अ'ला (एस)-२-मिथाइलब्युटाइल एस्टर, 'ब'ला (आर)-१-मिथाइलहेप्टाइल एस्टर.

मोजमाप: ५ मायक्रॉनची आयटीओ (पारदर्शक वाहक थराची) सेल, त्रिकोणी लहर, ±५० व्होल्ट, १० हर्ट्झ. 'अ'चं उत्स्फूर्त (बाहेरचं क्षेत्र नसतानाही असणारं) ध्रुवण ४ नॅनोकुलोम/सेमी², 'ब'चं २२. 'ब'च्या मोनोमरचं मात्र ७०. पॉलिमर 'ब' ११० अंशांवर मोजलं (११८ला स्मेक्टिक-ए होतं, म्हणजे थरांतले तिरके रेणू सरळ उभे राहतात), मोनोमर ६०वर (स्मेक्टिक-ए ९२ला).
'अ' एवढं कमी का? आणि कण्याला टांगल्यावर ध्रुवण खरंच एवढं पडतं का?

कायरलकाका:
'अ'चं उत्तर सोपं आहे. २-मिथाइलब्युटाइलमध्ये एस्टरचा ऑक्सिजन आणि कायरल कार्बन (चार वेगवेगळे गट जोडलेला) यांच्यामध्ये एक सीएच₂ बसलाय. कार्बोनिलचा द्विध्रुव मोठा असला तरी कायरल कार्बनची त्याच्यावर पकड नाही. गट रेणूच्या लांब अक्षाभोवती जवळपास मोकळा फिरतो आणि आडवा घटक सरासरीत पुसला जातो. मायर यांनी १९७५ साली दाखवलेल्या पहिल्या फेरोइलेक्ट्रिक द्रवस्फटिकात, म्हणजे डोबाम्बीसीतही हीच शेपटी होती, आणि त्याचंही ध्रुवण मोजक्या नॅनोकुलोमचंच.

'ब'मध्ये कायरल कार्बन थेट ऑक्सिजनला चिकटलाय. मिथाइल आणि हेक्साइल यांच्या अडचणीमुळे एकच रचना जास्त पसंत पडते आणि द्विध्रुव एका बाजूला झुकतो. अजून वाढवायचं असेल तर द्विध्रुव कायरल कार्बनवरच ठेवा. एल-आयसोल्युसिनपासून मिळणारं २-क्लोरो-३-मिथाइलपेंटॅनोइक आम्ल त्यासाठीच वापरतात, पण त्याचा अल्फा-हायड्रोजन आम्लधर्मी असतो, बेस लागला की रेसिमायझेशन होतं (दोन्ही आरसारूपांची सरमिसळ). दुसरी युक्ती म्हणजे शेपटी गाभ्याला जिथे जोडली आहे त्याच्या शेजारी (ऑर्थो) नायट्रो गट. याने फिरणं अडतं आणि आडवा द्विध्रुवही वाढतो. किंमत अशी की रुंद झालेल्या रेणूमुळे स्मेक्टिक-सीचा (थरांत रेणू तिरके असलेल्या अवस्थेचा) तापमानपट्टा आकसतो, कधी नाहीसाच होतो.

एनॅन्शिओमेरिक शुद्धताही (एका आरसारूपाचं दुसऱ्यापेक्षा जास्तीचं प्रमाण) तपासा. ध्रुवण साधारण तिच्या प्रमाणात असतं, ९०:१० मिश्रणात ८० टक्केच उरतं.

आंतरपृष्ठ:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल: तुलनाच चुकतेय. तापमान नव्हे, संक्रमणापासूनचं अंतर सारखं ठेवा. मोनोमर ३२ अंश खाली, पॉलिमर फक्त ८ अंश खाली. ढोबळमानाने ध्रुवण या फरकाच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणजे ७०चे ३५ तिथेच झाले. नीट करायचं तर कलकोन (रेणू थराच्या लंबाशी करतात तो) मोजून ध्रुवणाला त्याच्या साइनने भागा. कलाचा परिणाम निघून गेल्यावर रेणूची रचना काय करते ते दिसतं.

उरलेला ३५ ते २२चा फरक मला अपुऱ्या स्विचिंगचा वाटतो. पॉलिमरची व्हिस्कॉसिटी मोनोमरच्या कितीतरी पट, आणि स्विचिंगचा वेळ साधारण व्हिस्कॉसिटी भागिले (ध्रुवण × क्षेत्र). १० हर्ट्झला अर्धा आवर्त ५० मिलिसेकंदांचा, तेवढ्यात सगळे थर उलटत नाहीत. १ हर्ट्झवर या, मग ०.५वर. आकडा वाढून थांबला तर तो खरा.

तिरकस_थर:
१ हर्ट्झला ३३ आला. पण प्रवाहाच्या शिखराशेजारी एक रुंद फुगवटा दिसतोय. क्षेत्रफळात धरायचा?

आंतरपृष्ठ:
नाही, तो बहुतेक आयनांचा. आयसोट्रॉपिक (साध्या द्रवासारख्या, क्रम नसलेल्या) अवस्थेत तीच लहर द्या; फुगवटा राहिला तर आयन, गेला तर विचार करू. शिखराखालचा धारितेचा प्रवाह सपाट पायाभूत रेषा म्हणून वजा करा. १ हर्ट्झला ±५० व्होल्टवर उतार सेकंदाला २०० व्होल्ट, ०.१६ सेमी²च्या इलेक्ट्रोडवर तो सुमारे ३० नॅनोअँपिअर यावा, त्याहून फार जास्त असेल तर गळती शोधा. उरलेला विद्युतभार क्षेत्रफळाच्या दुपटीने भागायचा: १६ नॅनोकुलोम आले तर ५० नॅनोकुलोम/सेमी². दुपटीने भागायला विसरणं ही नेहमीची चूक.

कायरलकाका:
आयन कुठून आले तेही बघा. हायड्रोसायलिलेशनचं (साइड-चेन कण्याला जोडणाऱ्या अभिक्रियेचं) प्लॅटिनम राहिलं असेल तर पॉलिमर टोल्युइनमध्ये विरघळवून मिथेनॉलमध्ये पुन्हा पुन्हा अवक्षेपित करा. जीपीसीत (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या चाचणीत) मोनोमरचं छोटं शिखर दिसेनासं होईपर्यंत थांबू नका, कारण उरलेला मोनोमर व्हिस्कॉसिटी उतरवतो आणि आकडा फसवा चांगला येतो. आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) २१६० सेमी⁻¹च्या आसपास सिलिकॉन-हायड्रोजनचा पट्टा शिल्लक असेल तर कण्यावरच्या काही जागा रिकाम्या आहेत, म्हणजे एकक घनफळातले द्विध्रुवही हिशेबापेक्षा कमी.

आंतरपृष्ठ:
मुद्दाम रिकाम्या जागा ठेवायच्या असतील तर डायमिथाइलसायलॉक्सेनचा (मध्येमध्ये साइड-चेन नसलेली एककं असलेला) कोपॉलिमर घ्या. ध्रुवण थोडं घटतं, पण साइड-चेनना मोकळीक मिळून स्विचिंग झटपट होतं. उपकरणासाठी मी तरी तोच घेईन. स्पेसर ११वरून ६वर आणू नका, कण्याच्या हालचाली थेट गाभ्यापर्यंत पोचतात.