सरकार तोट्यात आहे म्हणून हमरस्त्यावरची विश्रामस्थळं बंद करावीत का?

तिठ्यावरचा
२००९ च्या मंदीत अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने महामार्गांवरची १९ विश्रामस्थळं बंद केली. वर्षाची बचत साधारण ९० लाख डॉलर, तूट मात्र २.६ अब्जांची. लोक इतके खवळले की निवडणुकीत तो मुद्दा झाला. नवे गव्हर्नर बॉब मॅकडॉनल यांनी २०१० मध्ये सगळी परत उघडली. आपल्याकडे गोव्यात पत्रादेवी ते पोळे रस्ता बऱ्याच ठिकाणी रुंद झाला, झुआरीवर नवा पूल आला. थांबायचं कुठे, ते विचारू नका. माझं मत: काटकसरीत याला हात लावू नये.

हिशेबी
बंद केली ते बरोबरच. सरकारी शौचालयाची फीत कापली की वर्षभरात कडी जाते, नळ जातो, मग राखणदारही जातो. वाटेत हॉटेलं काय कमी आहेत? म्हापशाला चहा घ्या, तिथेच आटपा.

सासूबाईंसोबत
'तिथेच आटपा' म्हणे! हिशेबीबाब, रात्री साडेदहाला गुडघेदुखीवाल्या सासूबाईंना घेऊन सावंतवाडीहून मडगावला या एकदा. हॉटेलवाला शटर ओढत असतो, उघडं असलंच तर 'फक्त गिऱ्हाइकांसाठी'. मग आम्ही बायका काय करतो माहीत आहे? निघायच्या आधीपासून पाणी पीत नाही. हा खर्च तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिता?

हिशेबी
ताई, त्रास मान्य. पण कुलूप लावलेलं सरकारी शौचालय असून तुमची कुठली सोय होणार?

डिझेल
अ‍ॅरिझोनानेही तेव्हा १८ पैकी १३ बंद केली होती. बायकांचं ताईंनी सांगितलंच, ट्रकवाल्याला झोपही काढायची असते. पंपावर दोन तास गाडी लावली की हॉर्न मारून उठवतात.

तिठ्यावरचा
तिथली खरी मेख वेगळी. १९५६ पासूनच्या कायद्यामुळे इंटरस्टेटवरच्या, म्हणजे तिथल्या आंतरराज्य महामार्गांवरच्या, विश्रामस्थळात उपाहारगृह किंवा पंप चालवता येत नाही. फार तर व्हेंडिंग मशीन. भाडं नाही, सगळा भार सरकारवर. आपल्याला ती आडकाठी नाही. चहा-भजीचा गाळा भाड्याने द्या, करारात चोवीस तास सफाईची अट घाला.

हिशेबी
आणि अट पाळली जाते का, ते बघणार कोण? तेच खातं ना?

सासूबाईंसोबत
आम्ही बघू. दारावर ठेकेदाराचा नंबर तेवढा लिहा.