‘कळलावी’मधली कळ नक्की कोणती?

प्रश्न : वेंगुर्ल्याला आमच्या गडग्यावर पावसात एक वेल चढते, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येतात. आजी तिला कळलावी म्हणते आणि फुलं घरात आणू देत नाही, घरात भांडणं लागतात म्हणे. गौरीच्या सणाला मात्र हीच फुलं ‘गौरीचे हात’ म्हणून चालतात! मग यातली कळ भांडणाची की आणखी कसली? ही वेल मुद्दाम लावता येते का?

उत्तर : ताई, आधी वेल तीच आहे ना, ते पाहा. हिला वेगळे तणावे नसतात. पानाचंच टोक लांबून गुंडाळतं आणि काटकीला धरतं. सहा पाकळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी, आणि स्त्रीकेसर बुडाशीच काटकोनात बाहेर वाकलेला. एवढं जुळलं की कळलावीच.

माझ्या मते ही कळ बाळंतपणाची. ‘तिला कळा लागल्या’ असं आपण म्हणतोच. कळा लावते ती कळलावी. अडलेल्या बाईच्या बेंबीवर, तळपायांना कंद उगाळून लावायची जुनी रीत होती. संस्कृतात हिचं एक नावच गर्भपातिनी आहे. ‘कलिहारी’ या दुसऱ्या नावात कलि, म्हणजे भांडण, दिसतं खरं. पण ‘कळलाव्या’ शब्द सगळ्यांच्या तोंडी असल्याने मराठीत तो अर्थ मागाहून चिकटला असावा.

मला सर्वांत आवडतं ते लांगली. लांगल म्हणजे नांगर. कंद नांगरासारखा वाकडा असतो, हातात घेतलात की नाव पटतं.

दुसरं उत्तर : हिला बचनागही म्हणतात, पण खरा बचनाग हिमालयातला, निळ्या-जांभळ्या फुलांचा. विषारी दोन्ही. कळलावीत कोल्चिसीन नावाचं विष असतं, कंदात आणि बियांत जास्त. तेव्हा औषधाचे प्रयोग नकोत, हातमोजे घालूनच लावा.

मेअखेरीस कंद २-३ इंच खोल, आडवा ठेवा. कोंब टोकातूनच फुटतो, ते मोडू देऊ नका. पाणी साचणारी जागा नको, कंद कुजतो. दिवाळीनंतर वेल वाळते. ती मेली समजून उपटू नका, पाणी तेवढं थांबवा. बियांपासून फूल यायला ३-४ वर्षं लागतात.

प्रश्नकर्ती : आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, त्यांच्या वाडीतली सुईण मूल बाहेर येताच लेप घाईघाईने पुसून काढायची. भांडणाचं तिला सासूने सांगितलेलं.